शुभास, सात महिन्यांनी

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय शुभा,

सात महिने झाले ना? उपवनच्या काठावर तू म्हणालीस, "आईचं ते रेकॉर्डिंग दुसरीकडेही टाकून ठेव गं," आणि मी फिस्कारले, "आई अजून आहे, आत्तापासून कसली तयारी?" तू मुकाट्याने रिक्षात बसलीस. आई गेल्यावर तुझे तीन फोन आले, एकही घेतला नाही. ते रोज टोचतं मला. आज लिहितेय, कारण दुसरं कुणीही "फोनच ना, नवा घे" म्हणेल.

सोमवारी वंदना एसटी डेपोजवळ गुडघाभर पाणी होतं. छत्री सावरताना फोन पर्समधून निसटला. गढूळ पाण्यात चाचपत राहिले, पाचेक मिनिटांनी हाताला लागला. बाकी मी बरी आहे, गुडघा कुरकुरतो तेवढाच.

घरी येऊन पुसला आणि चालू होतो का बघायला चार्जिंगला लावला. मग शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात. स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्या मुलाने सिमचा ट्रे काढून आतली इवलीशी पट्टी दाखवली. एरवी पांढरी असते, ती पाणी लागून लाल झाली होती. "ताई, ओल्या फोनला करंट दिला की तो जातो. लगेच बंद करून आणायचा." तांदूळ म्हणे उघड्या हवेपेक्षा काही जास्त सुकवत नाही, उलट भुकटी चार्जिंगच्या खाचेत बसते, अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये तांदळात ठेवू नका म्हणून सांगितलंय. भिंगाखाली बोर्ड बघितला. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं ना, तसा हिरवा डाग. हे माझ्या हातून झालं, शुभा.

फोटो गूगलवर आहेत. रेकॉर्डिंग तेवढं फोनमध्येच. मेमरी काढून दुसऱ्या फोनला लाव म्हटलं, तर तिचं कुलूप याच फोनच्या प्रोसेसरने उघडतं. म्हणजे कॉपी होईपर्यंत तरी हाच बोर्ड जिवंत व्हायला हवा. त्याने आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून ब्रशने धुतलाय. एक लाइन शॉर्ट आहे, खसखशीएवढा कपॅसिटर गेलाय, तो काढून बघतो म्हणाला. गुरुवारी कळेल.

तुझी बदली झाल्याचं वहिनींकडून कळलं. घर मिळालं का? चिनूला दहावीची शाबासकी सांग, बक्षीस माझ्याकडे लागू.

अकरा मिनिटं होती ती. आई गोडा मसाला भाजतेय, तू चार वेळा शिंकतेस, आणि ती ओरडते, "शुभे, गॅलरीत जाऊन शिंक, मसाला तुझ्या सासरी पाठवायचाय!" ती गेल्यापासून मी ते एकदाही लावलं नव्हतं, धीर होत नव्हता. आता आठवू बघते तर धणे अर्धा किलो, तीळ, खोबरं, दगडफूल, इथवर तिचा आवाज नीट येतो. पुढे नागकेशर टाकताना ती काहीतरी पुटपुटली आणि तू खो खो हसत सुटलीस. काय म्हणाली होती गं? आठवेल तसं, पण तिच्याच शब्दांत लिहून पाठव. गुरुवारची वाट बघू नकोस.

तुझी,
मंजू