चष्मा परत न देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या ॲप्रनवर नावाची पट्टी होती. त्या दिवशी ती मला वाचता आली नाही. पुढच्या फेऱ्यांमध्ये वाचली, पण चारचौघांत तुमचं नाव घातलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतं ताई म्हणतो. वयानं तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असाल. पण ज्या आवाजात मला "बसा खाली" म्हणालात, तो थोरल्या बहिणीचा होता.

तुमच्याकडं रोज शंभर माणसं डोळे तपासायला मशीनवर हनुवटी टेकून जात असतील, तेव्हा आधी ओळख देतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे तो. मार्च महिना, हळदीचे सौदे भरात, आणि मी दोन तासांची सुट्टी काढून मिरजेला तुमच्या दवाखान्यात आलेलो. "उजव्या डोळ्याचा नंबर वाढलाय, तेवढा काढून द्या, एकच्या आत यार्डात पोचायचंय," असं आल्या आल्या सांगणारा. आता आठवलं असेल.

नंबर वाढलाय हे माझं मीच ठरवलं होतं. उजव्या डोळ्यानं धुरकट दिसायचं, भुवईच्या वर ठणकायचं, आणि रात्री गाडीवरून जाताना समोरच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसायचं. ते कडं तर मला चांगलं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

डोळा लाल होण्याची मात्र आम्हाला सवय होती. तीन वर्षांत तीन-चारदा झाला असेल, दर वेळी एकच. यार्डात कुणाचाही डोळा लाल झाला की निदान तयार असतं: "काय न्हाय हो, हळद गेली असंल." आणि औषधही तयार असतं. आमच्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, रबरी शिक्क्यांशेजारी, थेंबांची एक बाटली कायम पडलेली. कधीकाळी कुणाला तरी कुणी तरी लिहून दिलेली, संपली की रिकामी बाटली दाखवून दुसरी आणायची. हमाल, तोलाईवाला, मी, सगळ्यांना तीच. दोन दिवसांत लाली उतरायची. चार दिवसांनी पुन्हा लाल, पुन्हा दोन थेंब. त्या खेपेला हे सहा आठवडे चाललं होतं. त्या बाटलीत स्टेरॉइड होतं, हे तुम्ही मोबाइलवरचा बाटलीचा फोटो मोठा करून वाचलंत तेव्हा कळलं. खतावणीत पैशाची चूक सापडेपर्यंत रात्रभर बसणारा माणूस मी, पण डोळ्यात काय घालतोय हे एकदाही वाचलं नव्हतं.

त्या खोलीतली तुमची दहा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. हवेचा फुगारा मारून डोळ्यातला दाब मोजणारं ते मशीन. डावा डोळा, फुस्स. उजवा डोळा, फुस्स. मग उजवाच परत. मग तिसऱ्यांदा. तोवर तुम्ही बोलत होतात, गाव कुठलं, हळदीला दर काय चाललाय. तिसऱ्या फुगाऱ्यानंतर एकदम गप्प झालात. दुसऱ्या मशीनवर बसवून डोळ्यात उजेडाची उभी चीर सोडलीत आणि प्रश्न सुरू केलेत. सकाळी पापण्या चिकटतात का? नाही. चिपडं येतात? नाही. उजेड खुपतो? हो, फार. दमा आहे? नाही. (दम्याचा आणि डोळ्याचा काय संबंध, म्हणून मनात हसलो होतो. दाब उतरवणारे काही थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत, हे नंतर समजलं.)

मग म्हणालात, "तुमची बाहुली गोल नाहीये."

तेव्हा मी उठलो. खरं सांगतो, घाबरून उठलो, पण दाखवलं असं की उशीर होतोय. "उद्या येतो मॅडम, मालकांना सांगून आलो नाही." माझा चष्मा जुना नंबर बघायला तुमच्याकडं होता. तो तुम्ही घडी घालून ॲप्रनच्या खिशात टाकलात आणि म्हणालात, "हा माझ्याकडं राहू दे. डॉक्टरांना दाखवा आणि मग घेऊन जा. बसा खाली." माझा नंबर मायनस साडेचार. चष्म्याशिवाय मिरजेहून सांगलीपर्यंत गाडी चालवणं सोडाच, पार्किंगमधली माझी गाडी मला सापडली नसती.

राग आला होता. बाकावर बसून मालकांना फोन लावला आणि म्हणालो, "सोडंनात हो, चष्मा काढून घेतलाय!" ते म्हणाले, "मग बस की गप."

डॉक्टरांनी पिवळं औषध घालून निळ्या उजेडात दाब पुन्हा मोजला. डावा 15. उजवा 46. आता सांगलीच्या माणसाला 46 हा आकडा सांगितला की त्याला एकच आठवतं. आयर्विन पुलाखाली कृष्णा 40 फुटांवर आली की इशारा, 45 ला धोका. 2019 साली ती 57 च्या वर गेलेली बघितलीय आम्ही. डोळ्यातला आकडा फुटांचा नसतो, पाऱ्याच्या मिलिमीटरचा असतो, एवढं समजत होतं. पण 21 च्या वर जाऊ नये तिथं 46 म्हटल्यावर पोटात खड्डा पडला तो पडलाच.

शिरेतून दाब उतरवणाऱ्या मॅनिटॉलची बाटली चढत असताना तुम्ही येऊन केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलंत. तो कागद मी जपून ठेवलाय. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं आणि त्याचा डोळ्यातून गळणाऱ्या पाण्याशी संबंध नाही, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. ते बुबुळाच्या मागं बनतं, बाहुलीतून पुढं येतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यात एक बारीक जाळी आहे तिच्यातून निचरून जातं. माझ्या बुबुळालाच आतून सूज आली होती. सुजलेलं बुबुळ मागच्या भिंगाला जागोजागी चिकटलेलं, म्हणून बाहुली वेडीवाकडी. सुजेचा गाळ जाळीत बसलेला. आणि वर माझ्या ड्रॉवरमधले थेंब. स्टेरॉइडनं लाली उतरते, पण काहींच्या डोळ्यात तेच औषध जाळीचा निचरा कमी करतं आणि दाब हळूहळू चढत जातो. "गोल सगळीकडून चिकटलं असतं तर पाणी मागंच अडलं असतं आणि दाब एका रात्रीत चढला असता," असं म्हणालात. मी म्हणालो, म्हणजे गटार तुंबलं. तुम्ही म्हणालात, "गटार तुंबलं, आणि तुम्ही वरून दर चार दिवसांनी त्यात माती टाकत होता." बाकी कुणी असं बोललं असतं तर वाईट वाटलं असतं.

यालाही काचबिंदूच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. काचबिंदू म्हणजे म्हाताऱ्यांचा, घराण्यात असणारा, दोन्ही डोळ्यांना होणारा, अशी आमची समजूत. दुसऱ्या कुठल्या तरी दुखण्याच्या मागून येणाराही असतो, आणि तो चौतीस वर्षांच्या माणसाला एकाच डोळ्यात होऊ शकतो, ही नवी माहिती होती.

त्या 'एकाच डोळ्यात'वरून पुढचा प्रसंग घडला, आणि खरे आभार मानायचे तर त्याचे. डॉक्टर सहज म्हणाले, एकाच डोळ्याचा दाब इतका वाढलाय आणि बुबुळाच्या मागचं नीट दिसत नाहीये, तर सोनोग्राफी करून आत गाठ वगैरे नाही ना एवढं बघून घेऊ. त्यांच्या लेखी ते रोजचंच. पण माझी आई तोवर सांगलीहून येऊन दाराशी उभी होती, आणि तिनं वाक्यातला एकच शब्द ऐकला: गाठ. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

तुम्ही तिच्याशेजारी फरशीवर बसलात, ताई. खुर्ची होती की शेजारी. तिला सांगितलंत की डोळ्यातली गाठ क्वचितच निघते, पण असली तर फसवी असते. कधी जाळीत तिच्या पेशी अडकून दाब वाढतो, कधी ती बुबुळ पुढं ढकलते, कधी तिच्यामुळं नको तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटतात. आणि बाहेरून बघणाऱ्याला नुसता लाल, दुखरा डोळा दिसतो. म्हणून बघायचं. शिवाय थेंबांनी दाब उतरला नाही तर ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट करून द्यावी लागते. आत गाठ असताना तशी वाट केली तर तिच्या पेशींना बाहेर पडायला आपणच दार उघडल्यासारखं होतं. "आधी घरात कोण आहे ते बघायचं, मग दार करायचं, हो ना आजी?" आईला ते पटलं. पापणीवर गार जेल लावून सोनोग्राफी झाली. आत काही नव्हतं. आईनं तुमचा हात किती वेळ धरून ठेवला होता ते मला आठवतंय, आणि बाहेर पेशंट खोळंबले होते तेही.

नंतरच्या एका फेरीत बाकावर जत भागातली एक बाई भेटली, मांडीवर तीन वर्षांचा पोरगा. त्याचा डोळा लाल म्हणून महिनाभर थेंब घातलेले. दिवाळीच्या फोटोंत त्या एका डोळ्यात पांढरी चमक यायची, घरच्यांना वाटलं फ्लॅशची. त्या डोळ्याचा दाब वाढला होता, आणि त्याच्या डोळ्यात मात्र गाठ होती. त्यांना पुढं मुंबईला पाठवलं. ती बाई म्हणाली, "इथल्या एका पोरीनं फोन फिरवून सगळं ठरवून दिलं." ती पोरगी कोण, हे मी विचारलं नाही.

माझ्या उपचारांचं फार लिहीत नाही, तुम्हाला ते पाठ आहेत. गंमत एवढीच वाटली की डॉक्टरांनी दिले ते शेवटी स्टेरॉइडचेच थेंब, तेही तासातासाला. मी भांडायच्या बेतात होतो. तुम्ही समजावलंत की सूज न उतरवता नुसता दाब उतरवला तर बुबुळ चिकटतच जाणार. फरक इतकाच की आता दर खेपेला कुणी तरी दाब मोजणार आहे आणि थेंब एकदम न थांबवता पायरीपायरीनं कमी होणार आहेत. बाहुली मोठी करणाऱ्या औषधानं चिकटलेलं सुटत गेलं, आणि मला महिनाभर जवळचा आकडा दिसेना. रोजकीर्द मालकांच्या पोरानं लिहिली. ती अजून जुळलेली नाही. दाबाच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या आणि सोड्याची चव गेलेली.

चार बाटल्यांचा माझा गोंधळ व्हायचा, तर तुम्ही त्यांना रबर लावून दिलेत. एक रबर दिवसातून एकदा, दोन रबर दोनदा, आणि ज्या बाटलीला रबरच नाही ती हलवून तासातासाला. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं, घातल्यावर नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. आई घड्याळ घेऊन बसायची. यार्डात रबरांना तोटा नाही, तरी तुमचीच रबरं शेवटपर्यंत ठेवली.

आणि पाठ. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, आणि चालल्याफिरल्यावर मोकळी होते का. आठ वर्षं होतेय हो, गादीवर बसून बसून होतेय असं सगळेच म्हणायचे. छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाली, ती निघाली नाही. रक्तात एचएलए-बी 27 नावाची, अशा दुखण्यांशी जोडलेली खूण निघाली, कमरेच्या सांध्यांना सूज निघाली. मणक्याचं आणि डोळ्याचं दुखणं मुळात एकच होतं. आता सांध्यांच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, रोज सकाळी व्यायाम करतो, आणि डोळा पुन्हा लाल झाला तर त्याच दिवशी यायचं हे आईनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. जसं काही मी विसरणार आहे.

परवाच्या तपासणीत उजव्याचा दाब 14 आला. बाहुलीला खालच्या बाजूला एक खाच राहिलीय, तिथलं चिकटलेलं सुटलं नाही. त्या वाटीसारख्या मशीनमध्ये डोकं घालून ठिपके मोजायच्या परीक्षेत उजव्या डोळ्याच्या नजरेचा नाकाकडचा वरचा कोपरा काळा निघाला. तेवढी नस गेली ती गेली, परत यायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. दोन्ही डोळे उघडे असले की मला तो कोपरा जाणवतही नाही. डावा झाकला तर भिंतीवरच्या घड्याळातला दहाचा आकडा नाहीसा होतो. कधीकधी मुद्दाम झाकून बघतो. त्या दिवशी "उद्या येतो" म्हणून मी निघून गेलो असतो, तर उद्या आलो नसतोच. मार्च होता. मे महिन्यात, हंगाम संपल्यावर आलो असतो. तोवर घड्याळातलं काय काय गेलं असतं, याचा हिशोब मी करत नाही.

ड्रॉवरमधली बाटली फेकून दिली. हमालांनी दोन दिवस कुरकुर केली. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्यातल्याच एकाचा डोळा लाल झाला, त्याला गाडीवर बसवून तुमच्याकडं घेऊन आलो. त्याच्या डोळ्यात खरंच हळदच गेली होती. तुम्ही दुसऱ्या खोलीत होतात, म्हणून भेट झाली नाही.

त्याच दिवशी काउंटरवर तुमच्या नावानं एक पिशवी ठेवली होती. दोन किलो राजापुरी हळद, आईनं घरी दळलेली, वर निळं रबर लावलेलं. पोचली का, तेवढं कळवा. काउंटरवरचा मुलगा पिशवीकडं जरा जास्तच प्रेमानं बघत होता.

आपला,
हळदीवाला दिवाणजी