सूचना : मन खचलं तरी घरसभा सोडू नका

बेळगाव-खानापूर भागातील सर्व सभासदांना प्रभूमध्ये नमस्कार.

पावसाची झड लागली की खानापूरकडच्या घरसभा (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभा) रोडावतात, आणि मन खचलेला माणूस आधी गळतो. 'बरं वाटलं की येतो' म्हणून थांबू नये. बरं वाटणं बहुधा मागून येतं.

बायबलमधला १ राजे, अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. होरेब डोंगरावर देवाने त्याची तक्रार दोनदा ऐकून घेतली, मगच काम सांगितलं. 'मी एकटाच उरलो' म्हणणाऱ्याला देवाशी एकनिष्ठ राहिलेल्या ७००० जणांचा आकडाही तिथेच कळला.

म्हणून आधी जेवण-झोप. मग ठरल्या वेळी दहा मिनिटं : स्तोत्र १३ किंवा ४२ मोठ्याने (तक्रारच आहे त्यात, लाजू नका), एका वाक्याची प्रार्थना. घरी कन्नड बोलणाऱ्यांनी कन्नडमधूनच वाचावं. एकदम तासाभराचा नेम धरला की तो मोडतो, आणि अपराधी वाटून बायबलच मिटलं जातं.

कोणी सलग दोन सभा चुकला, तर शेजारच्या सभासदाने घरी जावं. वचनं सुनावू नयेत. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडे न्यावं. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, पाळकांनाही कळवा.