पित्त नव्हतं, ताई

क्लीव्हलँड, ओहायो
8 सप्टेंबर

प्रिय ताई,

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं. पण तू फोन उचललास की पहिलं वाक्य असतं, "थांब, स्पीकरवर टाकते, आई इथंच बसलीय." म्हणून हे पत्र. एकटी असशील तेव्हा वाच.

मार्चमध्ये 'पित्ताने ॲडमिट होतो' म्हणालो, ते खोटं. पित्त नव्हतं, दारू होती. पाच दिवस दवाखान्यात होतो. मला वाटायचं, मनाचा हिय्या केला की सुटते. डॉक्टरांनी झापलं. म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करायची नसते, फिट येते, माणूस जातोसुद्धा.

निघताना नर्सने फोनवर 'मीटिंग गाइड' नावाचं ॲप टाकून दिलं. तुम्ही उभे आहात तिथून एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग किती लांब, किती वाजता, ओपन की क्लोज्ड, सगळं त्यात दिसतं. ओपनला कुणीही येऊन बसावं, क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायचीय त्याने. त्यातल्या एका चर्चवरून मी नऊ वर्षं रोज गाडी नेतोय. पुढच्या चौकातलं दारूचं दुकान कधी बंद होतं ते मला पाठ, आणि ह्या तळघरात रोज संध्याकाळी माणसं जमतात याचा पत्ता नाही.

पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं गाडीतच बसून होतो. शेवटी उतरलो. खाली लोखंडी खुर्च्या आणि कॉफीचा मोठा थर्मास. एका म्हाताऱ्याने कागदी कप हातात दिला, अर्धाच भरलेला. बाकीच्यांचे काठोकाठ. मनात म्हटलं, इथंही भेदभाव! नंतर कळलं, नव्या माणसाला तो अर्धाच देतो, हात कापत असतात म्हणून. भरलेला असता तर माझ्या शर्टावरच आला असता. हल्ली मंगळवारची कॉफी माझ्याकडे आहे. मीही अर्धाच देतो.

फी नाही. टोपली फिरते, नव्याने टाकलं नाही तरी चालतं. आडनाव कुणी विचारत नाही. (आपल्याकडे पहिला प्रश्न तोच.) इकडे ओहायोत 'लीड' म्हणतात, एकजण उभा राहून अर्धा-पाऊण तास आपली कहाणी सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी सगळे हात धरून प्रार्थना म्हणतात. मला ती येत नव्हती, तोंडात भीमरूपी आली. शेजारचा म्हणाला, चालतं, देव ज्याचा त्याचा.

"आय ॲम ॲन अल्कोहोलिक" हे मी दुसऱ्याच दिवशी म्हणून टाकलं. मला माझंच कौतुक वाटलं. मग जूनपासून एका मराठी ऑनलाइन मीटिंगला बसायला लागलो. रविवारी तुमचे रात्रीचे आठ, इथे सकाळचे साडेदहा. माझी पाळी आली, आणि "मी बेवडा आहे" एवढं तोंडातून निघेना. इंग्रजीतला शब्द दुसऱ्या कुणाचा तरी होता गं. बेवडा म्हणजे अण्णा. तीन रविवार मी नुसतं "पास" म्हटलं. चौथ्या रविवारी म्हणालो. नंतर बराच वेळ कॅमेरा बंद ठेवला.

इथून पाऊण तासावर ॲक्रन आहे, हे सगळं तिथं सुरू झालं. 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्यासाठी तिथं आला. काम फिसकटलं आणि हॉटेलच्या लॉबीत बार त्याला खुणावायला लागला. तेव्हा त्याने चर्चना फोन लावले, मला एखादा पिणारा गाठून द्या म्हणून. स्वतः पिऊ नये यासाठी दुसरा दारुडा शोधत होता! सापडला तो सर्जन, डॉ. बॉब. 10 जूनला ऑपरेशनच्या सकाळी बॉबचे हात कापत होते, म्हणून बिलने त्याला एक बिअर दिली. तीच त्याची शेवटची. त्याचं घर जपून ठेवलंय. मी जाऊन आलो.

आणि आपल्याकडे? पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. मामा अण्णांना न्यायला आला होता, तुला आठवत असेल. आई म्हणाली, गावाला काय सांगू? अण्णा गेले तेव्हाही सगळ्यांना कावीळ सांगितली. मी आईला दोष देत नाही. पण माझं पित्त करू नकोस. आईला मी आल्यावर स्वतः सांगेन.

घरच्यांसाठीही वेगळ्या मीटिंगा असतात, अल-ॲनॉन. बिलच्या बायकोने, लोइसने 1951 मध्ये एका मैत्रिणीबरोबर त्या सुरू केल्या. तू जा असं म्हणत नाही. पण रात्री अण्णांच्या चपलांच्या आवाजावरून तू ओळखायचीस, आज किती झालीय. अजूनही फाटक वाजलं की तुझं बोलणं थांबतं. तेवढं मनात असू दे.

डिसेंबरात बंड्याच्या लग्नाला येतोय. दाजींना आधीच सांग, हळदीच्या रात्री "एवढा एकच" असा आग्रह करू नका. विचारलं तर दारू सोडलीय म्हणून सांग, औषध चालू आहे वगैरे नको. त्या रात्री आठ ते साडेनऊ मी मांडवात नसेन. तुझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर एका शाळेच्या वर्गात मीटिंग असते, रविवारच्या ग्रुपमधल्या एकाने पत्ता दिलाय. तुझ्या स्कूटीची किल्ली माझ्यासाठी काढून ठेव. पेट्रोल मी भरेन.

तुझा,
पप्या