शाकाहारी ताटातली उणीव

महोदय,
शाकाहार म्हणजे आरोग्य, हे आमच्या घरात गृहीतच धरलेले होते. गेल्या वर्षी आईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना दम लागू लागला. रक्त तपासले तर बी-१२ फारच कमी! हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसते. शाकाहाऱ्यांची सारी मदार दूध-दह्यावर, आणि आई दूध घ्यायची ते चहापुरतेच. मांसाहारही सगळा सारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. बांगड्याच्या कालवणाला त्याच पंक्तीत कसे बसवायचे? आणि रोजचा वडापाव शाकाहारी म्हणून पथ्याचा ठरतो का? शाकाहारी घरांतील ज्येष्ठांची बी-१२ तपासणी कृपया लांबणीवर टाकू नका.

– एक वाचक, सातारा