डोळ्यातलं तेल मोजलं, पण समजावलं कोणी नाही

संपादक, नमस्कार.

स्कूटरवर वारा लागला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि डॉक्टर म्हणायचे ड्राय आय आहे, मला कळेचना पाणी येतंय तर डोळे कोरडे कसे? दोन वर्षं ड्रॉप्स घातले. शिर्मर टेस्ट, म्हणजे ती कागदाची पट्टी 5 मिनिटं खालच्या पापणीत अडकवतात ना, ती 14 मिमी ओली झाली, म्हणजे पाणी होतं. कमी होतं ते तेल.

पापण्यांच्या कडेला मायबोमियन ग्रंथी असतात, पापणी मिटली की त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं आणि पाणी उडून जायचं थांबवतं. हा थर किती पातळ, तर साधारण 40 नॅनोमीटरच्या आसपास, आणि 1 मिलिमीटरमध्ये 10 लाख नॅनोमीटर असतात! तरी तो मोजता येतो. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जे इंद्रधनुष्यी रंग दिसतात ना, तेच तत्त्व, डोळ्यावर प्रकाश टाकून थरावरचे रंग कॅमेऱ्यात घेतात आणि कॉम्प्युटर त्यावरून जाडी काढतो. मला तर हे फारच भारी वाटलं.

पण माझा आकडा 38 आला आणि लगेच ट्रीटमेंटचं महागडं पॅकेज समोर ठेवलं, आकड्याचा अर्थ कोणी सांगितलाच नाही. नंतर वाचून कळलं की पापणी अर्धवट मिटली तर आकडा वेगळा, जोरात मिटली तर वाढतो, नुकतेच तेलकट ड्रॉप्स घातले असतील तरी वाढतो. माझ्या वेळी यातलं काहीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी मशीन न लावता पापणी बोटाने हलकेच दाबून बघितली, तेलाच्या जागी टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी बाहेर आलं. ग्रंथी तुंबलेल्या होत्या. रोज कोमट शेक, पापण्यांची सफाई आणि स्क्रीनसमोर मुद्दाम पूर्ण पापणी मिटायची सवय, एवढ्यावर तीन महिन्यात बराच फरक पडला.

मशीन वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. पण मोजायच्या आधी पेशंटला ड्रॉप्स आणि मेकअपबद्दल विचारा, पापणीही दाबून बघा, आणि रिपोर्ट हातात देताना पाच मिनिटं बसून समजावा. तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या नेत्रतज्ज्ञांकडून यावर लिहून घ्याल का? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे माझ्या ऑफिसात तरी बरेच जण डोळे चोळत असतात आणि मेडिकलमधून स्वतःच ड्रॉप्स आणून घालतात.

एक वाचक, ठाणे