पाच नाहीत, चार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला. फोनवर सगळं बोलणं होतंच, पण आईला पुन्हा पुन्हा काढून वाचायला काहीतरी हातात लागतं, म्हणून आज बसलोच. तब्येत उत्तम. जेवण वेळेवर. स्वेटर घालतो. हे तीन प्रश्न आता पुढच्या फोनवर नकोत.

बाबा, "एवढं शिकून शेवटी कोंबड्याच राखायच्या होत्या तर..." हा तुमचा टोमणा पोचला. पण मी त्या आणल्या नाहीत, घराबरोबर आल्या. मालकीणबाई मुलीकडे राहायला गेल्या, खुराडं परसात राहिलं, आणि भाड्याचं बोलणं चालू असताना मी हो म्हणून बसलो. त्रास काही नाही. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी दहा. दाणापाणी, झाडलोट... आईला मी काय सांगणार! वासाचं म्हणाल तर भुसा कोरडा असला की वास येत नाही. कोंबड्यांना हात लावला की साबणाने हात धुतो, खुराड्यात जायच्या चपला दाराबाहेरच असतात, आणि जंगली पाखरांची शीट पडू नये म्हणून पाण्याचं भांडं छपराखाली ठेवलंय. त्यामुळे टीव्हीवर बर्ड फ्लूची बातमी लागली की लगेच मला फोन करायची गरज नाही.

आई, फोटोत काळीची मान उघडी पाहून तू घाबरलीस. रोग नाही गं. दिवस लहान झाले की त्या जुनी पिसं टाकतात. इथे एकदम टाकतात, सकाळी दार उघडलं की आत उशी फाटल्यासारखं दिसतं. नवी पिसं टाचण्यांसारखी वर येतात आणि तेव्हा हात लावला तर तिला दुखतं, म्हणून सध्या उचलत नाही. अंगातलं सगळं बळ पिसांत जातं, मग दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंद. शेजारच्या काकांनी खुराड्यात दिवा लावलाय. दिवसाचे चौदा-पंधरा तास उजेड मिळाला तर कोंबडी थंडीतही अंडी देते. मी नाही लावला. कोणालातरी रजा मिळू दे.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिलीच. उन्हाळ्यात तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. आपल्याकडे कोंबडी खुडूक झाली की तुला केवढा आनंद व्हायचा! कोळशाने खूण करून अंडी तिच्याखाली ठेवायचीस आणि 21 दिवस आम्हाला त्या कोपऱ्यात फिरकू द्यायची नाहीस. इथे उलटंच. कोंबडा पहाटे आरवतो आणि शेजाऱ्यांची झोप मोडते म्हणून कोणी पाळतच नाही. म्हणजे अंडी येतात, पण त्यांत जीव नसतो. हे तांबडीला कोण सांगणार? छातीची पिसं स्वतःच उपटून ती रिकाम्या खोक्यात बसली. हात नेला की फुगून गुरगुरायची. दिवसातून एकदा उठायची, घाईघाईत खायची, ढीगभर घाण टाकायची की पुन्हा आत.

काका म्हणाले, खुडूक मोडावी लागेल. मी म्हटलं, म्हणजे काय? तर तळाला नुसती जाळी असलेला एक पिंजरा आणला आणि विटांवर उंच ठेवला. आत भुसा नाही, गवत नाही, अंधार नाही, फक्त खाणं-पाणी. ऊबदार पोट आणि अंधारी जागा मिळाली की बसायची ओढ वाढतच जाते. खालून वारा लागून पोट गार पडलं की ती हळूहळू उतरते. तीन दिवस लागतात म्हणाले. मला ते शिक्षेसारखंच वाटलं. पहिल्या रात्री दोनदा उठून पाहून आलो, ती जाळीवरही तशीच बसलेली, नसलेली अंडी पंखाखाली घेऊन. चौथ्या दिवशी सोडली तर सरळ इतरांबरोबर माती उकरायला लागली, जणू काही झालंच नाही. तसं न करता बसू दिली असती तर उपाशी राहून झिजली असती, हे मला पटलंय. तरी तुला विचारतो, तू काय केलं असतंस?

आता हिशेब. मागच्या पत्रात पाच कोंबड्या लिहिल्या होत्या, त्या चार आहेत. एका संध्याकाळी कामावरून यायला उशीर झाला. अंधार पडला की त्या आपल्या आपण आत जाऊन दांडीवर बसतात, पण दार लावायला माणूस लागतो. कोल्हा आला. ठिपक्यांची गेली. दवावर थोडी पिसं होती, बाकी काही नाही. दोष माझाच. आता वेल्डमेशची जाड जाळी बसवली आहे आणि बाहेरच्या बाजूने हातभर जमिनीत आडवी पुरलीय, म्हणजे उकरून येता येणार नाही. नुसती कोंबड्यांची पातळ जाळी कोल्हा दातांनी तोडतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

पैसे नेहमीपेक्षा जास्त पाठवलेत. जास्तीचं काम घेतलं होतं, त्याचे. बाबा, कर्ज काढू नका, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम यातूनच द्या.

घरच्या लग्नाला यायचं जमत नाहीये. कोंबड्यांमुळे नाही, तसं नातेवाइकांना हसत हसत सांगूही नका. काका चार दिवस दार लावायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं होतं. रजाच मिळाली नाही. पुढच्या वर्षी नक्की. माझ्यासाठी जे स्थळ आलंय त्यांना तोपर्यंत थांबवून धरू नका, मोकळेपणाने नाही म्हणून टाका. मुहूर्ताच्या वेळी कोणीतरी फोन उभा धरा, मी लवकर उरकून तयार राहीन.

आणि ठिपक्यांचीचं छोटीला आत्ता सांगू नका. फोटो बघून तिनेच तिला नाव ठेवलं होतं.

तुमचा,
दादा (घरात सगळे हेच म्हणतात, आता पत्रातही तेच)