पुस्तकाचं प्लास्टिक आधी काढू द्या

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारी नातीला घेऊन दादरला गेलो होतो. साडेतीन वर्षांची आहे, रोज रात्री झोपताना तिला पुस्तक लागतं आणि वाचायची ड्युटी माझ्याकडे. दुकानात मराठी चित्रांची पुस्तकं बघितली तर सगळी प्लास्टिकमध्ये पॅक. म्हटलं एक उघडून दाखवा, तर म्हणाला काका, घेणार असाल तर फोडतो. अहो, आंबे घेताना आपण पेटी उघडून वास घेऊन बघतो, आणि जे पुस्तक मला पुढचे दोन महिने रोज रात्री वाचायचंय (मुलं एकच पुस्तक पन्नास वेळा वाचायला लावतात, घरात लहान मूल असलेल्यांना सांगायला नको) ते नुसतं कव्हर बघून घ्यायचं?

कव्हरवरून काही म्हणजे काही कळत नाही. मागे असंच एक आणलं, चित्रं झकास, कागद गुळगुळीत, आणि आत वाक्य काय तर 'ससा अत्यंत आनंदाने उद्गारला'. आता हे उद्गारला साडेतीन वर्षांच्या पोरीला कसं वाचून दाखवायचं? मी रोज आपला बदलून 'ससा टुणकन उडाला नि ओरडला' असं वाचायचो, तिला तेच पाठ झालं, मग एक दिवस सूनबाईने छापलंय तसं वाचलं तर पोरगी तिलाच दटावते, आई तू चुकीचं वाचतेस! भाषांतर करणारे स्वतः मोठ्याने वाचून बघत नसावेत बहुतेक. धपकन, भुरकन, टुणकन असे शब्द आपल्याकडे पोत्याने पडलेत, ते सोडून 'तो वेगाने खाली पडला' कशाला? आणि इंग्रजी यमकाचं ओढूनताणून केलेलं मराठी तर वाचताना जीभच अडकते.

दुसरं म्हणजे पान उलटणं. 'पलंगाखाली कोण होतं?' हे उजव्या पानाच्या शेवटी पाहिजे, म्हणजे पान उलटेपर्यंत मूल श्वास रोखून बसतं. आमच्याकडच्या एका पुस्तकात प्रश्न डावीकडे आणि मांजर समोरच उजवीकडे, मी प्रश्न वाचायच्या आधीच ही ओरडते मांजर! झालं, गेली मजा. 24 नाहीतर 32 पानांचं तर पुस्तक असतं, तेवढ्यात एवढं सांभाळता येत नाही? गडद चित्रावर काळी अक्षरं छापणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही, माझा चष्मा आणि बेडरूममधला पिवळा दिवा त्यांनी एकदा येऊन बघावा.

परदेशी गोष्टी नकोत असं माझं म्हणणं नाही हां. पेंग्विन आला की नात खूश, कारण राणीच्या बागेत बघितलेत, 2016 ला आणले ते. पण ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे बर्फबिर्फ काही नाही, आणि पुस्तकात मात्र सगळे पेंग्विन बर्फावरच उभे. तिने विचारलं, आजोबा राणीच्या बागेतल्यांचा बर्फ कुठे गेला, तेव्हा मला हे शोधावं लागलं. त्या रात्री गोष्ट राहिली बाजूला, पेंग्विनवरच गप्पा झाल्या, आणि मला तर तेच जास्त आवडलं.

प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची साइट आहे, 2015 पासून, तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, मी कधीकधी आधी तिथे वाचून बघतो. पण झोपताना फोन हातात घेतला की पोरीला गोष्ट नको, फोनच हवा.

म्हणून म्हणतो, दुकानदारांनी दर पुस्तकाची एक कॉपी उघडी ठेवावी, फाटली मळली तर प्रकाशकाने बदलून द्यावी. आणि तुमच्या पेपरात मुलांच्या पुस्तकांवर जे लिहितात त्यांनी आधी एखाद्या मुलाला ते वाचून दाखवावं, मूल कुठे हसलं आणि कुठे उठून गेलं तेवढं लिहिलं तरी आमचं काम होईल.

त्या रविवारी शेवटी एक घेतलंच, नात हटून बसली होती. घरी येऊन प्लास्टिक फोडलं. दुसऱ्याच पानावर 'उद्गारली' आहे, या वेळी खारूताई.

– एक आजोबा, लालबाग, मुंबई